चाकाच्या नटांना ग्रीस लावायचं की कोरडेच ठेवायचे? चोर्ल्याच्या पावसात आलेला अनुभव

खानापूरकर :

नमस्कार मंडळी. मागच्या शनिवारी गोव्याहून परत येताना चोर्ला घाट चढून वर आलो आणि कणकुंबीच्या अलीकडं मागचं डावं चाक बसलं. रात्रीचे साडेनऊ, पाऊस असा की वायपर फुल्ल लावूनपण पुढचं दिसंना, गाडीत आई आणि दोन लहान पोरं. चार नटांची छोटी गाडी आहे, तीन नट कसेबसे सैल झाले खरं चौथा काय हलायला तयार नाही. पान्यावर उभा राहिलो, सगळं वजन टाकलं, पाना सटकला आणि नटाचे कोपरेच गोल झाले. तेवढ्यात गोव्यात भाजी खाली करून बेळगावला परत निघालेला एक पिकअपवाला थांबला. भला माणूस, भिजत खाली उतरला, पान्यात तीन फुटी पाइप घातला आणि दिला जोर. नट फिरला. मला एवढं बरं वाटलं, खरं नट फिरलाच नव्हता, अख्खा स्टड, म्हणजे नट ज्याच्यावर फिरतो तो आट्यांचा बोल्टच, पिळवटून तुटला होता.

स्टेपनी तीन नटांवर बसवून चाळीसच्या वर न जाता जांबोटी आणि तिथनं खानापूर गाठलं. आई पूर्ण वाट एक शब्द बोलली नाही.

तुटलेला तुकडा घरी आणून ट्यूबलाइटखाली बघितला. आट्यांमध्ये गंज आणि लाल माती एकजीव होऊन विटेसारखी झालेली. आणि जिथं तुटलाय तिथं अर्धा भाग काळपट तांबडा आणि अर्धा नव्या लोखंडासारखा चकचकीत, ते असं का ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन गॅरेजमध्ये विचारलं. एक म्हणाला दरवेळी आट्यांना ग्रीस चोपडत जा, आयुष्यात गंजायचं नाही. दुसरा म्हणाला चाकाच्या नटाला ग्रीसचा हात पण लावायचा नाही, चाक निघून जाईल. दोघंबी जुने कारागीर. आता खरं कुणाचं मानायचं? आमच्याकडं जून ते सप्टेंबर गाडी सुकतच नाही, त्यामुळं जाणकारांनी सविस्तर सांगा प्लीज.

संकेश्वरचा गाडीमालक :

पोरा, आई आणि लेकरं सुखरूप घरी आली हे पहिलं महत्त्वाचं. मी चाळीस वर्षं ट्रक चालवले आणि आता पोरं चालवतात, कारखान्याची साखर भरून मंगळूरपर्यंत जाणं येणं असतंय. आमच्या वडिलांपासून पद्धत अशी की चाक उघडलं की स्टडला वायर ब्रश मारायचा आणि ऑइलचं बोट फिरवायचं. आमच्या एकाबी गाडीचं चाक आजवर निखळलेलं नाही. कोरडं लोखंड पाण्यात ठेवलं तर गंजणारच, त्याला पुस्तक वाचायची गरज नाही. माझं मत लावावं असंच आहे.

उद्यमबाग लेथवाला :

काकांचा अनुभव मोठा आहे आणि ट्रकच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी बरोबर आहेत, त्याच्यावर खाली येतो. आधी खानापूरकरांच्या तुकड्याबद्दल, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनी शेवटी सहज लिहून टाकलीय.

अर्धा भाग गंजलेला आणि अर्धा चकचकीत याचा अर्थ तो स्टड त्या रात्री अर्धाच तुटला. उरलेला अर्धा आधीच तडकलेला होता, त्या फटीत पाणी शिरून गंज धरला होता. म्हणजे बरेच दिवस तुम्ही अर्ध्या स्टडवर फिरत होता. पिकअपवाल्याचा काही दोष नाही, उलट गाडी उभी असताना तुटला हे नशीब समजा, घाट उतरताना भरल्या गाडीत गेला असता तर बाकीच्या तिघांवर लोड आला असता. आणि अशी चीर नुसत्या गंजानं पडत नाही. बहुतेक वेळा आधी कधीतरी नट बेसुमार आवळलेला असतो, स्टड ताणला जातो, किंवा उलट नट सैल राहून चाक हलत राहतं आणि स्टड वाकून वाकून थकतो.

आता ग्रीसचं. आपण पान्यानं जो जोर लावतो त्यातला साधारण दहावा हिस्साच स्टड ताणायला जातो, बाकीचा सगळा आट्यांच्या आणि नटाच्या बैठकीच्या घर्षणात खर्च होतो. कंपनी मॅन्युअलमध्ये जो टॉर्क, म्हणजे नट पिळायचा जोर, देते तो हे घर्षण धरूनच दिलेला असतो, आणि कारमध्ये तो स्वच्छ आणि कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावलं की घर्षण कमी झालं, म्हणजे तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला गेला.

हिशोब मांडून बघा. १२ मिलिमीटरचा स्टड, १०० न्यूटन मीटर टॉर्क. कोरड्या आट्यांना साधारण ४.२ टन ताण येतो. ग्रीस लावून तोच टॉर्क दिला तर ५.५ टनाच्या पुढं जातो, ग्रीस चांगलं असेल तर आणखी वर. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे स्टडच्या मजबुतीचा आकडा) हाच स्टड साधारण ५.२ टनापर्यंत ताण सोडल्यावर परत मूळ लांबीला येतो, त्याच्यापुढं कायमचा लांबतो. १०.९ ग्रेडचा असेल तर ही हद्द सुमारे ७.४ टन. आणि हे सगळं टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, वापरला तर. आपल्याकडं किती ठिकाणी वापरतात?

गंजलेल्या आट्यांचं याच्या बरोब्बर उलटं होतंय, ते लोक विसरतात. गंजामुळं घर्षण वाढतं, नट जाम झाल्यासारखा लागतो, आपल्याला वाटतं घट्ट बसला खरं स्टडला ताण पुरेसा आलेलाच नसतो. तेव्हा गंजलेला तसाच आवळणं पण धोक्याचंच, ग्रीस नको म्हणजे गंज चालेल असं कुणी समजू नका.

निपाणी टायर :

मी हायवेला टायरचं दुकान चालवतो, रोज चाकं उघडायचं काम हाय. लेथवाल्या दादांनी जे सांगितलं ते मी रोज हातानं बघतोय, म्हणून मनापासून लिहितो.

जाम झालेले नट दोन तऱ्हेचे असतात. एक खरंच गंजलेला, तो सोडताना करकर आवाज करत, तांबडी भुकटी सांडत निघतोय. दुसरा हवेच्या गननं मारून मारून बसवलेला. तो सुटताना एकदम फाट्कन आवाज होतो आणि मग हातानं मोकळा फिरतोय, आट्यात गंजाचा पत्ता नसतोय. गिऱ्हाईक म्हणतंय गंजलाय, ग्रीस लावा. गंज नाहीच तर ग्रीस काय करणार? मला दुसऱ्या तऱ्हेचेच जास्त बघायला मिळतात.

माझ्या दुकानात पण गन हाय, ट्रकची चाकं त्याच्याशिवाय जमायची नाहीत. खरं कारला मी पोरांना सांगून ठेवलंय, गन सोडायला वापरा, बसवताना पहिले चार पाच आटे बोटानं, मग पान्यानं, शेवटी टॉर्क पाना. बोटानं का, तर नट तिरका चढला तर बोटाला लगेच कळतंय, गनला कळत नाही, ती आटे कापत आत जाती.

ग्रीस लावलेली चाकं पण येतात. आपल्याकडची लाल धूळ त्याला चिकटती, दोन महिन्यांत काळपट लाल लापशी होती आणि पॉलिश पेपर घासल्यासारखे आटे खाती. आणि घाट उतरताना ब्रेकचा ड्रम तापला की ग्रीस पातळ होऊन पळतंय, ब्रेकला लागलं तर काय होईल तुम्हीच बघा.

कागवाड ऊसवाला :

खूप उपयुक्त धागा. माझा प्रश्न वेगळा आहे, ट्रॅक्टर ट्रॉलीचं काय? सीझनला ट्रॉल्या चिखलातनं ओढतो, कारखान्याच्या यार्डात रात्र रात्र उभ्या असतात, सीझन संपला की पुढचे सहा सात महिने रानात पावसात पडून. ऑक्टोबरमध्ये चाक काढायला गेलं की नट घणानं ठोकावे लागतात. तिथं पण कोरडंच ठेवायचं का?

उद्यमबाग लेथवाला :

ट्रॉलीला सीझन संपल्यावर एक काम करा. नट आवळलेलेच ठेवून, बाहेर राहिलेल्या स्टडच्या टोकाला आणि नटाच्या वरच्या बाजूला ग्रीस किंवा जुन्या ऑइलचा लेप द्या, वाटलं तर वर प्लास्टिकची टोपी घाला. पाणी आट्यांमध्ये तिथनंच झिरपतंय. नट आवळून झाल्यावर लावलेलं ग्रीस आतल्या ताणाला काही करत नाही. फक्त पुढच्या वेळी नट सोडायच्या आधी ते पुसून घ्या, वायर ब्रश मारा, पेट्रोलच्या बोळ्यानं आटे कोरडे करा आणि मगच परत बसवा. हाच उपाय ज्यांच्या कारला उघडे नट आहेत त्यांनापण लागू.

आता संकेश्वरच्या काकांसाठी. काका, तुमच्या नव्या गाड्यांना नटाला खाली फिरता वायसर जोडलेला असेल, सपाट बसणारा, आणि चाकाची डिस्क मधल्या हबवर, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं त्याच्यावर, बसून सेंटर होत असेल. या पद्धतीच्या नटांना बनवणारेच सांगतात की आट्यांना दोन थेंब आणि नट व वायसरच्या मध्ये एक थेंब ऑइल द्या, त्यांचा टॉर्क ते ऑइल धरूनच ठरवलेला असतो. म्हणून तुमची पद्धत तिथं बरोबर आहे. पण जुन्या गाड्यांना जे गोल किंवा निमुळत्या बैठकीचे नट येतात ते कोरडेच बसवायचे असतात. एकाच गॅरेजमध्ये दोन्ही गाड्या उभ्या असतात आणि पोरगा एकाच डब्यातलं ऑइल दोन्हीला लावतो, घोळ तिथं होतो.

संकेश्वरचा गाडीमालक :

हे मला कुणी असं फोडून सांगितलं नव्हतं. बरोबर आहे, नव्या तीन गाड्यांना फिरत्या वायसरचे नट हायेत, जुन्या दोघींना निमुळते. आणि एक कबूल करतो, जुन्यांचे स्टड आमच्याकडं दर वर्षा दोन वर्षाला एखाद दुसरा तुटतोच, आम्ही लोडचं कारण समजत होतो. उद्याच पोरांना बसवून सांगतो.

एक आमच्याकडनं पण घ्या. ट्रकला एक स्टड तुटला तर आम्ही त्याच्या दोन्ही बाजूचे पण बदलतो, दोन तुटले तर त्या चाकाचे सगळे. कारण एक गेला की त्याचा भार शेजारच्यांनी सोसलेला असतोय. खानापूरकर, तुम्ही एकच बदलून मोकळे होऊ नका.

हिंडलगा शिक्षिका :

मी रोज एकटी गाडीनं ये जा करते, वाटेत मोबाइलला रेंज नसलेला पट्टा आहे, त्यामुळे हा धागा दोनदा वाचला. माझा प्रश्न साधा आहे. टॉर्क पाना माझ्याकडे नाही आणि दुकानदार वापरतो की नाही हे मी कसं ठरवणार? मी स्वतः घरी काय तपासू शकते? माझी ताकद किती आणि नटाला लागते किती तेच कळत नाही.

उद्यमबाग लेथवाला :

ताई, साधा टॉर्क पाना परवडण्यासारखा मिळतो, तीन चार घरं मिळून एक घेतला तरी चालतो. तोपर्यंत एक घरगुती पद्धत सांगतो, मी स्वतः करून बघितलीय.

सिलिंडर किंवा सामान तोलायचा हुकाचा काटा असतो ना, तो घ्या. व्हील पान्याला पाइप लावून नटाच्या मध्यापासून बरोब्बर ५० सेंटिमीटरवर खडूनं खूण करा. गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. पाना डावीकडे आडवा येईल असा नटाला लावा, खुणेवर काट्याचा हुक अडकवा आणि सरळ वर ओढा. काट्यावर २० किलो आले म्हणजे साधारण ९८ न्यूटन मीटर. बऱ्याच छोट्या गाड्यांचा टॉर्क ८५ ते ११० च्या मध्येच असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि त्या हिशोबानं किलो कमी जास्त करा. १०३ असेल तर २१ किलो. झटका द्यायचा नाही, हळू ओढायचं, पाइपचं वजन आणि काट्याची चूक धरून थोडं इकडं तिकडं होईल पण पान्यावर उभं राहण्यापेक्षा लाखपटीनं बरं.

बघा किती कमी लागतंय. वीस किलो, म्हणजे एका हातानं उचलायची पिशवी. पान्यावर उभं राहून ७० किलोचा माणूस किती टॉर्क देतो तो हिशोब तुम्हीच करा.

हिंडलगा शिक्षिका :

म्हणजे मी सोडूही शकते, आवळूही शकते. इतके दिवस वाटायचं हे काम आपल्या ताकदीबाहेरचं आहे. खूप आभार. पाइपचा तुकडा डिकीत ठेवणार आजपासून.

चंदगड रोड :

ते स्प्रेचं कुणी बोललं नाही अजून. डब्ल्यूडी-४० मारला तर चालतो का? मी सहा महिन्यातनं एकदा सगळ्या नटांवर मारतो, गंज थांबतोय असं वाटतं.

निपाणी टायर :

जाम नट सोडायला मारा, बिनधास्त. मारल्यावर पंधरा वीस मिनिटं थांबायचं, नटावर हातोडीनं हलके टोले द्यायचे, म्हणजे तेल आत झिरपतंय. आमच्याकडं रॉकेल मिळायचं तेव्हा रॉकेल आणि ऑइल मिसळून तेच करायचो. खरं बसवायच्या आधी ते सगळं पुसून आटे कोरडे करायचे, तेल ते तेलच. आणि वरनं मारताना ब्रेकच्या डिस्कवर फवारा जाईल असं मारू नका, फडक्यावर घेऊन लावा.

आणखी एक. नट निघतात खरं चाकच हबला चिकटून बसतंय, हा त्रास अलॉयवाल्यांना जास्त, त्यातनं गोवा कारवारला समुद्राकडं फिरणाऱ्यांना अजून. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकत्र आलं, मध्ये खारं पाणी गेलं की पांढरी भुकटी धरून दोन्ही एकमेकाला घट्ट पकडतात. तिथं मात्र मी थोडं ग्रीस लावतो, फक्त हबच्या मधल्या उंचवट्यावर जिथं रिमचं भोक बसतं तिथं, बोटानं पुसून उरेल एवढंच. रिम हबवर टेकते त्या सपाट भागाला नाही, स्टडला नाही, नटाच्या बैठकीला नाही.

उद्यमबाग लेथवाला :

सपाट भागाचं निपाणीवाल्यांनी फार नेमकं सांगितलं. चाक स्टडवर लटकलेलं नसतं. नट रिमला हबवर दाबून धरतात आणि त्या दोन सपाट बाजूंच्या घर्षणावर चाक टिकतं. तिथं जाड गंज, लाल माती किंवा रंगाचा थर राहिला तर दोन दिवसांत तो दबतो, तेवढी फट पडते आणि नट न फिरता सुद्धा ताण कमी होतो. चाक काढलं की तिथं वायर ब्रश मारायचा, म्हणूनच चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क बघायचा असतो.

खानापूरकर, तुम्ही उरलेल्या तीन स्टडचं एक तपासा. स्वच्छ करून कोरा नट बोटानं शेवटपर्यंत फिरवा. वरचे आटे मोकळे आणि मध्येच अडकायला लागला तर तो स्टड लांबलाय, आट्यांचं अंतर बदललंय. ब्रश मारून पण तो सुधारणार नाही, बदलायचाच. नवा घेताना डोक्यावर ग्रेडचा शिक्का बघून घ्या.

खानापूरकर :

सगळ्यांचे मनापासून आभार, रविवारी पूर्ण दिवस याच कामाला घातला म्हणून उत्तराला उशीर झाला.

चारी चाकं काढली. वायर ब्रश, पेट्रोलचा बोळा, मग नट बोटानं फिरवून बघितले. मागच्या डाव्या चाकाचा एक नट बरोब्बर मध्यावर अडकला, लेथवाल्या दादांनी लिहिलं तसंच, सहा सात आटे सरसर आणि मग एकदम जड. तो तुटलेल्याच्या शेजारचाच होता. संकेश्वरच्या काकांचं ऐकून त्या चाकाचे चारी स्टड बदलले, १०.९ चा शिक्का बघून घेतले, कोपरे गेलेल्या नटासकट चारी नट नवे. बाकीच्या तीन चाकांचे आटे ब्रश मारल्यावर चांगले निघाले, गंज वरवरचाच होता.

मग आठवलं, पावसाळ्याच्या आधी टायर बदलले होते तेव्हा चारी चाकं गननं बसवली होती, मी बाजूला चहा पीत उभा होतो. गन दोनदा तीनदा टर्र टर्र वाजली की घट्ट झालं असं आपल्याला वाटतं, माझंबी तेच झालं.

बसवताना काहीच लावलं नाही, कोरडे. काट्याची पद्धतच वापरली, आमच्याकडं काजू तोलायचा हुकाचा काटा होता. आधी समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन, असं दोन फेऱ्यांत. बाहेरच्या टोकांना ग्रीस आणि प्लास्टिकच्या टोप्या. हबच्या मधल्या कडेला बोटभर ग्रीस.

आज ८० किलोमीटर झाल्यावर परत काटा लावला. पंधरा नट जागचे हलले नाहीत, पुढच्या उजव्या चाकाचा एक साधारण पाव आटा फिरला. तिथं रिमच्या मागं रंगाचा पोपडा राहिला असावा, ब्रश फिरवताना तो कोपरा सुटला होता. तो नट १०० किलोमीटरनंतर परत बघतो आणि इथं कळवतो. पान्याबरोबर पाइप आणि वायर ब्रश आता डिकीतच आहे. आईनं विचारलं ही गोणी कसली, सांगितलं, तर म्हणाली त्यात बॅटरी पण ठेव आणि एक रेनकोट.